उत्तराच्या सायकलीसाठी पुस्तक निवडताना

सायकल बिघडली की लोक पाना शोधतात, आम्ही पुस्तक शोधतो. यावर कुणाला हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं, पण आमच्या घरची ती रीत आहे. माझ्या वडिलांनी घरात पहिला पंखा बसवला तो विजेच्या कामाचं पुस्तक आणून, ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून आणि त्यावर विहारातल्या चार जाणत्या माणसांचं मत घेऊन. पंखा बसला तेव्हा थंडी पडली होती, ही गोष्ट वेगळी. दीक्षाभूमीवरून आमच्याकडचं माणूस पुस्तक घेतल्याशिवाय परतत नाही, आणि घरात आलेलं पुस्तक वाचल्याशिवाय ठेवलं जात नाही. तेव्हा माझी बायको उत्तरा एका दुपारी कोपरापर्यंत काळे झालेले हात घेऊन घरी आली आणि म्हणाली, सायकल दुरुस्तीचं एक पुस्तक आणून द्या, आता मीच करते दुरुस्त, तेव्हा मला त्यात काहीच विचित्र वाटलं नाही. उलट इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझ्या आवडीचं काही मागितलं याचा आनंद झाला.

प्रश्न नुसत्या सायकलीचा नव्हता. उत्तराची आई, म्हणजे माझ्या सासूबाई सिंधूताई, शहराच्या टोकाला, बेसाला स्वतःच्या घरात एकट्या राहतात. आम्ही मनीषनगरला. उत्तरा रोज दुपारी सायकल काढायची, आईचं औषधपाणी बघायची, इकडच्या तिकडच्या गोष्टी करायची आणि मी ऑफिसातून यायच्या आत घरी यायची. मागे सासूबाई न्हाणीत घसरल्या, तेव्हा उत्तराचा धाकटा भाऊ जितेंद्र आईला घेऊन जायलाच निघाला होता. तो मौद्याला वीज प्रकल्पात नोकरीला आहे आणि तिथंच क्वार्टरमध्ये राहतो. सासूबाई काही तयार होईनात. क्वार्टर वरच्या मजल्यावर, गुडघे हे असे, म्हणजे एकदा वर चढलं की खाली उतरायचं नाही, आणि वर बोलायला कुणी नाही. शेवटी भावाबहिणीत ठरलं की उत्तरा रोज जाईल, आणि ती जाते तोवर आई बेसाला राहील. ही सगळी व्यवस्था एका चेनवर चालली होती, आणि ती चेन आता उतरायला लागली होती.

कोपऱ्यावरच्या दुकानात सायकल नेऊन झाली होती. चेन दुकानात नीट बसे आणि बेसा रोडवर नेमकी जिथं सावली नाही आणि माणूस नाही तिथं उतरे. त्या दिवशी तर ती मागच्या चाकात अशी अडकली की उत्तरानं सायकल ढकलत आईच्या घरापर्यंत नेली, ओसरीत टाकली आणि ऑटोनं परत आली. जितेंद्रला हे फोनवर कळलं. तो म्हणाला, महिन्याच्या शेवटच्या रविवारी येतो, तोवर सायकल सुरू झाली नसेल तर आईला नेतो. आवाज चढवून बोलला असता तर उत्तरानंही चढवला असता. तो अगदी हळू बोलला, म्हणून ती घाबरली. रोजचा ऑटो परवडणारा नव्हता, मी स्कूटरवर सकाळी जातो तो संध्याकाळी उगवतो, आणि स्कूटर शिकण्याचा उत्तराचा एकमेव प्रयत्न खालच्या मजल्यावरच्या मनोहररावांच्या कुंड्यांमध्ये संपलेला होता.

आता तिनं पुस्तक आणायला सांगितलं होतं. पण मी एका सरकारी खात्यात खरेदी शाखेचा वरिष्ठ लिपिक आहे. आमच्याकडे साधा स्टूलसुद्धा कुणी आणत नाही, तो निवडला जातो. किमान तीन ठिकाणांहून मागवायचं, तुलनात्मक तक्ता तयार करायचा, खाली शेरा मारायचा, मग पुढची कारवाई. वाटेत जाता जाता एखादं पुस्तक उचलून आणायचं आणि त्याच्या भरवशावर सासूबाईंचं राहणं ठरवायचं, हे माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. मी त्याच रात्री कागदावर रकाने आखले. भाषा, चित्रे, विषयाची मांडणी, कागदाचा दर्जा, शेरा. उत्तरानं ते पाहिलं आणि ती झोपायला गेली.

मनोहररावांचा पुस्तकालाच विरोध होता. हा गृहस्थ कुंड्यांचा विषय निघाला नाही तर अत्यंत मदतशील आहे. त्यांनी सांगितलं की आता पुस्तकं कुणी वाचत नाही, सगळं व्हिडिओवर आहे, आणि माझ्या मोबाइलवर इतके व्हिडिओ पाठवले की मोबाइल गरम झाला. मी ते सगळे पाहिले. एकात एक गोरा तरुण आमच्या बैठकीच्या खोलीपेक्षा स्वच्छ अशा शेडमध्ये सायकल टांगून चेन काढत होता आणि त्याच्या बोटांना काळं लागत नव्हतं. ज्याचे हात काळे होत नाहीत त्याच्याकडून मी सायकल शिकणार नाही, असं उत्तरा म्हणाली, आणि तो मुद्दा मला पटला. मग मनोहररावांनी सायकल विकून टाकायचा सल्ला दिला. तोही मानला नाही तेव्हा, मी स्वतःच करून दिली असती पण माझी कंबर धरलेली आहे, असं सांगून ते आमच्याबरोबर बेसाला यायला तयार झाले, फक्त बघायला.

पहिलं पुस्तक घरपोच आलं. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, मराठी भाषा. म्हणजे अक्षरं मराठी होती. ते कुठल्या तरी थंड देशातल्या भाषेतून यंत्रानं ओढून आणलेलं होतं, हे पहिल्या पानावरच समजलं. दुसरं पुस्तक मी सीताबर्डीच्या फुटपाथवर जुन्या ढिगातून काढलं. हिंदी, पातळ, मुखपृष्ठ नाही, आणि प्रत्येक पानावर तेलाचा अंगठा. मला त्या अंगठ्यांबद्दल फार कुतूहल वाटलं. कुणीतरी हे पुस्तक हातात धरून खरंच सायकल उघडली होती. माझ्या कपाटातल्या कुठल्याच पुस्तकाबद्दल मला असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. तिसरं अजून मिळायचं होतं, पण वेळ कमी होता म्हणून आम्ही दोन्हींची चाचणी घ्यायला रविवारी सकाळी बेसाला गेलो.

काम उत्तरा करणार होती, तिचे हात अडकलेले असणार, तेव्हा कुणीतरी मोठ्यानं वाचणं आलं. वाचायला मी ओसरीच्या पायरीवर बसलो. पहिलं वाक्य वाचतो तोच आतून सासूबाई आल्या. भिंतीला धरून आल्या, सतरंजी पसरली, डोक्यावरून पांढऱ्या लुगड्याचा पदर घेतला, पुस्तकाला हात जोडले आणि ऐकायला बसल्या. मी थांबलो. आई, हे सायकलीचं पुस्तक आहे, म्हणून मी सांगितलं. त्या म्हणाल्या, वाचा.

वर्षावास सुरू होता. पावसाळ्याचे ते तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जातो. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, आणि ऐकणाऱ्यांत ज्यांना वाचता येत नाही अशा बायाच जास्त बारकाईनं ऐकतात. वाचणारा कुठं चुकला ते त्यांना आधी कळतं. सासूबाईंचा एकही वर्षावास कधी चुकला नव्हता. यंदा गुडघ्यांनी चुकवला. आषाढ पौर्णिमेपासून त्यांच्या कानावर वाचनाचा आवाज पडलेला नव्हता, आणि आता तो त्यांच्याच ओसरीत उमटला होता. मला हे तेव्हा नीटसं कळलं नाही. मला वाटलं, सासूबाई जावयाचा मान राखत आहेत.

पहिल्या पुस्तकानं आज्ञा केली, "आपल्या सायकलला प्रेमाने पालथे करा. आता ती तिच्या आसनावर विश्रांती घेईल." उत्तरा आणि मी मिळून सायकल पालथी केली. प्रेम कमी पडलं असावं, कारण घंटी फुटली. पुढं लिहिलं होतं की हिवाळ्यात रस्त्यावरील मिठापासून साखळीचे संरक्षण करावे. एव्हाना शेजारच्या पार्वतीबाई भाजी निवडत कुंपणापाशी येऊन उभ्या होत्या, त्या आतच आल्या. रस्त्यावर मीठ काहून टाकतात, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. मनोहरराव ठामपणे म्हणाले की किड्यांसाठी. मला तो धुळीवरचा उपाय वाटला. उत्तरानं काळ्या बोटानं मोबाइल उघडून सांगितलं की बर्फ वितळायला टाकतात. मग सगळे तो रस्ता डोळ्यांपुढे आणू लागले. सासूबाईंनी खूप विचार करून विचारलं, तिकडच्या गरीब माणसाला ते मीठ उचलून घरी नेता येतं का. याचं उत्तर पुस्तकात नव्हतं, मोबाइलमध्येही सापडेना, आणि खरं सांगतो, मला आजही ते माहीत करून घ्यायचं आहे. पुस्तक चांगलं आहे पण आपल्या गावचं नाही, असा सासूबाईंनी निकाल दिला. दुसरं काढा म्हणाल्या.

दुसऱ्याची गोष्टच वेगळी. "पिछला पहिया निकालिए. घबराइए नहीं," असं ते म्हणायचं आणि खरंच घाबरायला होत नसे. उत्तरानं मागचं चाक काढलं. हिंदी लेखकाचं म्हणणं असं की चेन वारंवार उतरत असेल तर बिचाऱ्या चेनला दोष देऊ नका, मागच्या दात्यांच्या चकतीत, म्हणजे फ्रीव्हीलमध्ये, डोकावून पाहा. ते उघडायला उलटं फिरवायचं असतं ही माहिती ऐकून आम्ही सगळे चकित झालो. जगात सगळं एका बाजूला उघडतं आणि ही एक वस्तू दुसऱ्या बाजूला. उत्तरानं खिळा लावला, हातोडीनं ठोकलं, झाकण सुटलं. पार्वतीबाईंनी वाटी धरली, वाटीत छर्रे, म्हणजे आतल्या बारीक लोखंडी गोळ्या, पडले, थोडे बाहेर पडले. मी रंगात येऊन वाचत होतो, "सारे छर्रे निकाल लेने के बाद सबसे ज़रूरी बात यह है कि" आणि पान संपलं. पुढचं पान फाडलेलं होतं. आता पुढचं वाचन कसं व्हायचं म्हणून सासूबाई हळहळल्या.

इथं कुणीही घाबरला असता. मला मात्र त्या पुस्तकाबद्दलचा आदर वाढला. निरुपयोगी पान कोण कशाला फाडून नेईल? ज्यानं नेलं त्याला ऐन कामाच्या वेळी ते हाताशी हवं असणार. मी हे उत्तराला समजावून सांगितलं आणि तक्त्यात हरवलेल्या पानाला वेगळे गुण दिले. ती हातातलं उघडं फ्रीव्हील खाली ठेवून सांडलेले छर्रे गोळा करायला लागली. तेवढ्यात मनोहरराव म्हणाले की कोंबडीनं एक छर्रा गिळला. ती पार्वतीबाईंची कोंबडी होती. पार्वतीबाईंना हा आरोप लागला. छर्रे मोजून पाहावे तर एकूण किती असायला हवेत ते बहुधा फाटलेल्या पानावर होतं. शेवटी कोंबडीला टोपलीखाली ठेवून प्रकरण तात्पुरतं मिटवलं, सुटे भाग परातीत ठेवून वर फडकं टाकलं, आणि आम्ही घरी आलो.

आता तिसरं पुस्तक मिळवणं माझ्या दृष्टीनं तक्त्यासाठी आणि तिच्या दृष्टीनं ते छर्रे परत आत घालण्यासाठी आवश्यक झालं. ते आमच्या विहाराच्या ग्रंथालयात आहे, हे ग्रंथपाल नागसेन यांच्याकडून समजलं. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून निवृत्त झालेल्या रुपराव नावाच्या एका निदेशकांनी ते लिहून, स्वतःच छापून ग्रंथालयाला भेट दिलं होतं. जाडजूड बांधणी, सोनेरी अक्षरं, आणि कुणी उघडलेलं नसल्यामुळे पानं एकमेकांना चिकटलेली. मी हात पुढे केला. नागसेन म्हणाले, हा संदर्भ ग्रंथ आहे, बाहेर जात नाही.

आयुष्यभर लोकांना नियम दाखवणाऱ्या माणसाला नियम दाखवला गेला की कुठं लागतं, ते मला त्या दिवशी कळलं. मी नम्रपणे विचारलं की नियमाला अपवाद असेलच. अपवाद होता. वर्षावासात सामूहिक वाचनासाठी संदर्भ ग्रंथ बाहेर देता येतो. त्यासाठी अर्ज, अर्जावर श्रोत्यांच्या सह्या किंवा अंगठे, आणि विहाराच्या अध्यक्षांची मंजुरी. अध्यक्ष व्याख्यानांसाठी गावोगाव फिरत होते. मी अर्ज लिहिला. नागसेननी त्यात समास सोडलेला नाही म्हणून परत केला. पुन्हा लिहिला. पार्वतीबाईंनी कोंबडीची निर्दोष सुटका झाल्याशिवाय सही करायला नकार दिला, म्हणून मी टोपली उचलून तिची जाहीर माफी मागितली. अध्यक्ष एका संध्याकाळी सापडले, त्यांनी उभ्याउभ्या शेरा मारला. सामूहिक वाचनासाठी मंजूर, वाचन खंडित होऊ नये, समाप्तीनंतर ग्रंथ परत करावा. इतका नेटका शेरा मी आमच्या खात्यातसुद्धा पाहिलेला नाही.

त्या दिवसापासून ऑफिस सुटलं की मी उत्तराला घेऊन बेसाला जाऊ लागलो. रुपरावांचा ग्रंथ सायकलीपासून सुरू होत नाही. तो माणूस पायी चालत होता तिथून सुरू होतो. मग ओंडका, मग चाक, मग चाकाला छिद्र का पाडलं असावं यावर एक सबंध प्रकरण. तारांना ते आरे म्हणत, फ्रीव्हीलला मुक्तचक्र म्हणत. चालकाची मनोवृत्ती या प्रकरणात त्यांनी रागावलेल्या माणसाने सायकल चालवू नये असं लिहिलं होतं आणि त्याला स्वतःच्या आयुष्यातला दाखला दिला होता. माझ्या तक्त्यात या पुस्तकापुढचा विषयाची मांडणी हा रकाना रिकामा राहू लागला. ओसरी मात्र भरू लागली. पार्वतीबाईंच्या दोन सुना येत, पलीकडच्या गल्लीतले एक निवृत्त पोस्टमन येत, नागसेन तपासणीला म्हणून आले ते रोज येऊ लागले. कुणी चहा करी, कुणी चिवडा आणी. परात सतरंजीच्या मधोमध ठेवलेली असे, आणि ज्या भागाचा उल्लेख येई तो भाग हातोहात फिरे.

सासूबाईंनी मला वाचायला शिकवलं, असंच म्हणावं लागेल. तुम्ही वाक्याचं शेपूट गिळता जवाईबापू, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. सरकारी टिपण्या मी इतकी वर्षं वाचत आलो, कुणी असं बोललं नव्हतं. मी आवाज पोटातून काढू लागलो. आदल्या दिवशी कुठं थांबलो होतो ते मला शोधावं लागे, त्यांना पाठ असे. सकाळी पार्वतीबाई चहा घेऊन आल्या की दोघी मिळून कालच्या प्रकरणाची उजळणी करत, हे मला नंतर समजलं. कोणाला वाटेल की म्हातारपणी करमणूक म्हणून ऐकत असतील. नाही. चाकाच्या आऱ्यांवर वजन कसं वाटलं जातं हे वाचलं, तेव्हा त्यांनी सुटं काढलेलं मागचं चाक मांडीवर घेऊन एकेक तार बोटानं वाजवून पाहिली आणि कोणती ढिली आहे ते सांगितलं. हे पुस्तक कसं वाटलं, असं मी तक्त्यासाठी विचारलं. चालू ठेवा, म्हणाल्या.

शेवटचा रविवार जवळ आला तसं उत्तराचं तोंड उतरत गेलं. शुक्रवारी वाचन संपल्यावर तिनं मला बाजूला घेतलं आणि चेन कोणत्या पानावर आहे ते बघायला सांगितलं. मी अनुक्रमणिका पाहिली. साखळी व मुक्तचक्र तिसऱ्या खंडात होतं. हा पहिला होता.

"अहो, परवा जितेंद्र येऊन राहिला," ती म्हणाली. "मी तुम्हाले पुस्तक मागितलं होतं. तुम्ही सगळं गाव जमवलं, आणि माझी सायकल परातीत आहे."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला फार वाईट वाटलं. शनिवारी मी तत्त्व बाजूला ठेवून बेसाच्या सायकल दुकानदाराला बोलावून आणलं. त्यानं फडकं उचलून पाहिलं आणि हे कुणी केलं असं विचारलं. मी पुस्तकाचं नाव सांगायला लागलो तर त्यानं हातानंच थांबवलं. नवीन फ्रीव्हील मागवावं लागेल, सोमवार-मंगळवारपर्यंत बघू, म्हणाला. रविवारी सकाळी मी सीताबर्डीला जाऊन हिंदी पुस्तकाची दुसरी प्रत शोधली, तीही मिळाली नाही. आदल्या रात्री तक्ता पूर्ण केलेला होता. हिंदी पहिलं, घरपोच आलेलं दुसरं, रुपरावांचा ग्रंथ तिसरा, शेरा: प्रकरणाशी संबंध दिसून येत नाही. निवड अगदी निर्दोष होती. बेसाला पोचलो तेव्हा उत्तरा आईची लुगडी, औषधं आणि स्वेटर एका पिशवीत भरत होती. सासूबाई ओसरीत सतरंजीवर बसलेल्या होत्या. रविवारी वाचन सकाळी असे, श्रोते जमलेले होते. मी सुरुवात केली, पण त्या दिवशी वाक्यांची शेपटं पुन्हा गिळली जाऊ लागली आणि सासूबाईंनी एकदाही टोकलं नाही.

जितेंद्रची गाडी दाराशी थांबली. तो आला, सगळ्यांना जयभीम घातला, आईच्या पाया पडला आणि परातीकडे पाहत उभा राहिला. उत्तरानं पिशवी आणून दिली. त्यानं ती गाडीत नेऊन ठेवली आणि परत आला. मला म्हणाला, "भाऊजी, मले वाईट नका समजू. तिकडे ड्यूटीवर असलो की हेच डोक्यात राहते. आई पडली असंन, कोणाले आवाज गेला नसंन. झोप येत नाही मले."

त्याच्यावर कुणाला रागावताही येईना. पार्वतीबाई एवढंच म्हणाल्या की सकाळचा चहा मी देतो, रात्रीचं सून पाहून जाते, अन् संध्याकाळी त आमी सगळेच इथं असतो. जितेंद्रनं मान हलवली, पण बसला नाही. सासूबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला.

"वाचन सुरू हाये बापू," त्या म्हणाल्या. "मधातून उठता येत नाही. तुले का सांगाव लागते?"

त्याला सांगावं लागत नव्हतं. लहानपणी विहारात समाप्ती होईपर्यंत जितेंद्रला याच बाईनं मांडीशी बसवून ठेवलेलं होतं, झोप आली तरी उठू दिलं नव्हतं. सुरू झालेलं वाचन अर्धवट टाकायचं नाही, हे आमच्यात कुणी कुणाला शिकवत नाही, ते अंगातच असतं. तो तसाच उभा राहिला. मग माझ्याकडे वळला आणि त्यानं विचारलं, किती राहिलं.

मी ग्रंथाकडे पाहिलं. पहिल्या खंडाची थोडीच पानं उरली होती, तासाभरात संपली असती. उत्तरा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि माझ्याकडे पाहत होती, आणि सासूबाई मुद्दामच पाहत नव्हत्या. त्यांना पहिलं पुस्तक का नको झालं, दुसऱ्याचं पान फाटल्यावर त्या का हळहळल्या, आणि या अगडबंब ग्रंथाला एवढं चालू ठेवा का म्हणाल्या, हे मला त्या क्षणी एकदम लख्ख कळलं: त्यांना आपल्या ओसरीत, आपल्या माणसांत चालत राहील असं वाचन हवं होतं. खिशात माझा तक्ता होता. सबंध नोकरीत मी तक्त्याच्या विरुद्ध एकही शिफारस केलेली नाही.

"हा पहिला खंड आहे," मी म्हणालो. "असे चार आहेत. उत्तराच्या सायकलीसाठी आपण हाच ग्रंथ निवडलेला आहे. अध्यक्षांचा शेरा आहे, वाचन खंडित होऊ नये."

नागसेननी गंभीरपणे मान डोलावली आणि बाकीचे तीनही खंड ग्रंथालयात उपलब्ध असल्याचं सांगितलं. जितेंद्रनं माझ्या हातातून ग्रंथ घेतला, उलटसुलट करून पाहिला, मधलं एखादं पान वाचलं. चिकटलेली पानं त्यानं नखानं हळूच सोडवली. मग ग्रंथ मला परत दिला आणि बाहेर गेला. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला.

तो पिशवी घेऊन परत आला. ती त्यानं आत, आईच्या खाटेवर नेऊन ठेवली, चपला काढल्या आणि सतरंजीवर पार्वतीबाईंनी सरकून केलेल्या जागेत बसला.

"वाचा भाऊजी," तो म्हणाला. "पण दुसरा खंड मी आल्याशिवाय उघडाचा नाही. दर रविवारी येतो मी."

"येजो," सासूबाई म्हणाल्या. "अन् वेळेवर येजो."